आरसी क्रॉलरला धातूची चाकं: घेण्याआधी काय मोजायचं, घेतल्यावर कशी बसवायची

माझ्या टेबलाच्या खणात रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीचं एक लाल चाक ठेवलेलं आहे. समोरून बघाल तर जवळजवळ नवं; रिमवर दोन-चार ओरखडे, बाकी रंग शाबूत. उलटं केलं की मधलं भोक दिसतं. ते षट्कोनी असायला हवं. सहाही कोपरे खाल्ले जाऊन आता ते जवळपास गोल झालंय. पाच वेळा इंदूरजवळच्या चोरल नदीच्या दगडांवर नेलं, तेवढ्यात हे झालं. शेवटच्या दिवशी मोटर फिरत होती, अ‍ॅक्सल फिरत होता आणि चाक मात्र दगडाला टेकून जागच्या जागी उभं होतं. विकणाऱ्याने 'फुल मेटल, हेवी ड्यूटी' असं लिहिलं होतं. धातू होताच. तो कोणता, आणि जिथे जोर येतो तिथे किती जाड, हे मी विचारलं नव्हतं.

राजेंद्रनगरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने वर्षभर पैसे साठवून १/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, क्रॉलर घेतली. दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, प्लास्टिकची चाकं काढून मेटलची टाकू ना?" त्याला मी ज्या क्रमाने बघायला लावलं, तोच क्रम इथे देतोय. चार चाकांचा चांगला संच स्वस्त नसतो, आणि चुकीचा घेतला तर पैसे तर जातातच, गाडीचे बाकीचे भागही झिजतात. म्हणून विकत घेण्याआधीचं सगळं नीट सविस्तर सांगतो.

१. आधी गाडी ओळखा

धातूची चाकं सगळ्याच ऑफ-रोड गाड्यांना मानवत नाहीत. नवख्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

दगडांवर मुंगीच्या पावलांनी चढते ती क्रॉलर. मैदानात भरधाव सुटते, उड्या मारते ती बॅशर. बगी, ट्रगी, मॉन्स्टर ट्रक सगळे त्याच घराण्यातले. क्रॉलरला धातूचं चाक फायद्याचं, बॅशरला बहुतेक वेळा तोट्याचं. कारण आकड्यांतच बघा. १/८ स्केलच्या बॅशरचा टायर साधारण १७ सें.मी. व्यासाचा असतो. ताशी ८० किलोमीटरला तो मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेतो. चाकाच्या मध्यापासून ५ सें.मी. अंतरावर नुसता ५ ग्रॅमचा असमतोल असला, म्हणजे सुपारीएवढा चिखल एका बाजूला चिकटला, तर त्या वेगात तो जवळपास पावणेदोन किलोच्या जोराने अ‍ॅक्सलला ओढतो, आणि सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा दिशा बदलत ओढतो. तेच १२ सें.मी. टायरच्या क्रॉलरवर ताशी ८ किलोमीटरला मिनिटाला साडेतीनशे फेरे होतात आणि ओढ उरते ३५ ग्रॅमची. क्रॉलरला ती जाणवतही नाही.

दुसरं कारण उडीचं. नायलॉनचं रिम आपटलं की दबतं आणि परत जागेवर येतं; धक्क्याचा मोठा वाटा ते स्वतःच खातं. अ‍ॅल्युमिनियम एक तर वाकतं आणि वाकलेलंच राहतं, नाहीतर अजिबात न वाकता सगळा धक्का अ‍ॅक्सल, हब आणि बेअरिंगकडे ढकलतं. चाक वाचतं, मागचं मोडतं. म्हणून बॅशर असेल तर रिम नायलॉनचेच राहू द्या आणि चाक ज्यावर बसतं तो १७ मि.मी.चा हेक्स हब तेवढा अ‍ॅल्युमिनियमचा टाका. पैसे तिथे सार्थकी लागतात.

तिसरी जात म्हणजे १/२४ च्या चिमुकल्या क्रॉलर, एससीएक्स२४ वगैरे. त्यांचा हेक्स ७ मि.मी.चा, चाक १ इंचाचं, आणि अख्ख्या गाडीचं वजन अर्ध्या किलोच्या आत. त्यांना पितळेची चाकं लावण्याची पद्धत आहे आणि गाडी दगडाला खरोखर चिकटून चढते. पण चारही चाकं एकदम पितळेची केली तर इवल्या मोटरवर आणि गिअरवर ताण येतो. आधी पुढची दोनच बदला, महिनाभर चालवा, मग ठरवा.

इथून पुढचं सगळं १/१० क्रॉलरसाठी आहे.

२. रिमच्या आधी हेक्स बघा

चाक अ‍ॅक्सलला थेट जोडलेलं नसतं. अ‍ॅक्सलमधून एक बारीक आडवी पिन जाते, त्या पिनवर १२ मि.मी.चा षट्कोनी तुकडा बसतो, आणि त्या तुकड्यावर चाकाचं षट्कोनी भोक. त्या तुकड्याला आपण सगळे हेक्सच म्हणतो. मोटरचा जो काही जोर आहे तो शेवटी या सहा छोट्या कडांमधून चाकात जातो. टायर दोन दगडांच्या फटीत अडकला आणि तुम्ही ट्रिगर दाबलात, की सगळा ताण याच सहा कोपऱ्यांवर येतो. चाकाचं आयुष्य इथे ठरतं. रिमची जाडी, स्पोकची नक्षी, रंग, हे सगळं त्याच्या नंतर.

म्हणून तीन गोष्टी तपासा.

पहिली, भोकाची खोली. चाकातलं षट्कोनी भोक जितकं खोल तितकी हेक्सला पकड जास्त. काही देखण्या चाकांत हा खड्डा जेमतेम २ मि.मी. असतो, ती कपाटात ठेवायला ठीक. हेक्सच्या जाडीचा निदान तीनचतुर्थांश भाग आत जायला हवा.

दुसरी, ढिलाई. हेक्स चाकात बोटाने दाबून बसवा आणि डावी-उजवीकडे पिळून बघा. 'टिक-टिक' असा आवाज आला किंवा बोटांना हालचाल जाणवली तर ते चाक परत करा. आज केसभर असलेली फट दगडांवर महिनाभरात दाणाभर होते, कारण प्रत्येक झटक्याला हेक्स कोपऱ्यावर हातोडीसारखा आपटतो. उलट नव्या चाकात रंगाच्या थरामुळे हेक्स थोडा घट्ट जात असेल तर ते चांगलं लक्षण.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. गाडीसोबत आलेला हेक्स बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो. धातूच्या चाकात प्लास्टिकचा हेक्स ठेवला तर चाक टिकतं आणि हेक्स गोल होतो. दोन्ही एकदमच बदला. हेक्स घेताना बाजूला छोटा स्क्रू असलेला, अ‍ॅक्सलला आवळून बसणारा घ्या. चाक काढल्यावर तो जागेवरच राहतो आणि त्याच्या आतली पिन गवतात पडत नाही. ती पिन २ मि.मी. जाडीची असते, मुरमात पडली तर सापडत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

थोडे जास्त पैसे असतील तर वेगळ्या हबचं चाक बघा. त्यात मधला हब पाच-सहा स्क्रूंनी रिमला जोडलेला असतो. हेक्सचे कोपरे झिजले तर फक्त हब बदलायचा, रिम आणि टायर तसेच. टिकाऊपणाच्या हिशोबात मला हीच रचना सगळ्यात शहाणपणाची वाटते.

३. माप: १.९ म्हणजे कुठून कुठवर

क्रॉलरची चाकं १.९ इंच आणि २.२ इंच या दोन मापांत जास्त मिळतात. छोट्या जुन्या वळणाच्या जीपसारख्या गाड्यांना १.५५ इंचही असतं. १.९ इंच म्हणजे ४८ मि.मी.च्या किंचित वर, २.२ म्हणजे जवळपास ५६. हे माप चाकाच्या बाहेरच्या काठाचं नाही, टायरची कड जिथे बसते त्या खाचेचं आहे. बाहेरून फुटपट्टी लावली तर आकडा जास्तच येतो आणि माणूस गोंधळतो. टायरवरही हाच आकडा लिहिलेला असतो. चाक १.९ तर टायर १.९, बस.

यानंतरचं माप मात्र हाताने घ्यायलाच हवं: बॅकस्पेस. म्हणजे चाकाच्या मागच्या काठापासून हेक्स जिथे टेकतो त्या पृष्ठापर्यंतचं अंतर. चाक तोंडावर पालथं ठेवा, मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा, आणि व्हर्नियर कॅलिपरच्या मागून निघणाऱ्या शेपटीने पट्टीपासून हेक्सच्या तळापर्यंत खोली मोजा. पट्टीची जाडी वजा करायला विसरू नका. जुन्या प्लास्टिकच्या चाकाचं हेच माप घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.

हीच गोष्ट काही जण ऑफसेटने, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हेक्सच्या पृष्ठापर्यंतच्या अंतराने सांगतात, पण ऑफसेटचं अधिक-उणे कोणी एका बाजूने मोजतं, कोणी दुसऱ्या. बॅकस्पेसमध्ये तो घोळ नाही. समजा चाकाची रुंदी २७ मि.मी. आहे आणि बॅकस्पेस १९. म्हणजे रुंदीच्या मध्यापासून हेक्सचं पृष्ठ साडेपाच मि.मी. बाहेरच्या बाजूला आहे. बॅकस्पेस जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर जातं. प्रत्येक बाजूला ५ मि.मी. बाहेर गेलं तर गाडी एकूण एक सेंटिमीटर रुंद झाली. आडव्या उतारावर ती लवकर कलंडत नाही, हा फायदा. पण पुढचं चाक वळताना आपल्या जागी न वळता कमानीत फिरतं, त्यामुळे स्टिअरिंगच्या सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला, जास्त जोर लागतो आणि टायर बॉडीच्या काठाला घासतो. पहिल्या संचासाठी मूळ चाकापेक्षा ३-४ मि.मी.हून जास्त फरक नको.

उलट बॅकस्पेस फार जास्त असेल तर रिमची आतली कड नकलला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला) किंवा स्टिअरिंगच्या रॉडला टेकते. धातूच्या रिमची आतली भिंत प्लास्टिकपेक्षा जाड असते, त्यामुळे १.९ ला १.९ असूनही आत जागा कमी पडू शकते. ज्या गाड्यांत चाकाजवळच गिअरची डबी असते, टीआरएक्स-४ सारख्या पोर्टल अ‍ॅक्सलच्या, तिथे हे खास बघा. चाक नुसतं हाताने अ‍ॅक्सलवर सरकवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे करा आणि दोन्ही वेळा चाक एक अख्खा फेरा फिरवा. कुठेही खर्र झालं नाही तर पुढे जा.

अजून एक: नट. बहुतेक १/१० गाड्यांचा अ‍ॅक्सल एम४, म्हणजे ४ मि.मी. जाडीच्या आट्यांचा असतो, त्याला ७ मि.मी.चा पाना लागतो. धातूच्या चाकाचा मधला भाग जाड असला तर अ‍ॅक्सलचं टोक नटच्या आतल्या नायलॉनच्या कड्यापर्यंत पोचतच नाही. नट घट्ट वाटतो, पण त्याचं कुलूप लागलेलं नसतं. नट आवळल्यावर निदान एक आटा बाहेर डोकावलाच पाहिजे.

४. धातू कोणता, हे घरच्या घरी ओळखा

चांगली चाकं ६०६१-टी६ या जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कोरलेली असतात. ७०७५ हे त्याहून ताकदीचं अ‍ॅल्युमिनियम. चाकासाठी त्याची गरज पडत नाही. स्वस्त चाकं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असतात. वरून रंग दिला की दोन्ही सारखीच दिसतात. जस्ताचं ओतीव चाक अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड असतं, त्यामुळे हातात घेतल्यावर उलट जास्तच भक्कम वाटतं. मीही त्यालाच भुललो. पण ते ठिसूळ असतं. टोकदार दगडावर आपटलं की वाकत नाही, तडकतं, आणि स्क्रूचे आटे पटकन सोडतं.

डोळ्यांनी ओळखायचं तर चाकाच्या आतल्या बाजूला उजेड पाडा. कोरलेल्या चाकात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात. ओतीव चाकात दोन साचे मिळतात तिथली उंचवट्याची रेघ, कुठेतरी गोल ठसे आणि थोडी खरखरीत कातडी.

खात्रीच करायची असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. टायर नसलेलं नुसतं रिम किंवा त्याची टायर धरून ठेवणारी सुटी रिंग घ्या आणि तिचं वजन करा. मग काट्यावर पाण्याने भरलेला मोठा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. रिंग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ती तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, आणि तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून काढून टाका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवील तेवढे घन सेंटिमीटर त्या रिंगचं आकारमान. पहिल्या वजनाला याने भागा. समजा रिंग ५४ ग्रॅमची आणि काटा २० दाखवतोय, तर उत्तर २.७, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. ६.६ च्या आसपास आलं तर जस्त. साडेआठच्या आसपास पितळ. भाच्याने हे ओट्यावर केलं तेव्हा त्याची आई, म्हणजे माझी ताई, डाळीचं भांडं बाजूला ठेवून बघत उभी राहिली होती. पाच मिनिटांचं काम आहे आणि विकणाऱ्याच्या कुठल्याही वर्णनापेक्षा भरवशाचं आहे.

माझं ते लाल चाक मी सांवेर रोडवरच्या एका लेथवाल्याकडे घेऊन गेलो होतो. म्हटलं, गोल झालेलं भोक मोठं करून आत स्टीलचं बुश बसवता येईल का. त्यांनी चाक हातात घेतलं, कडेला कानशीचा एक हात मारला, खालचा करडा रंग बघितला आणि म्हणाले, "ये जस्ता है भैया, बुश ठोकूँगा तो फट जाएगा." अ‍ॅल्युमिनियमचं असतं तर बुश बसलं असतं. म्हणजे खरा धातू असेल तर चाक दुरुस्तही होतं, हा एक फायदा कोणी मोजत नाही.

स्टीलची चाकंही मिळतात. फार जड, आणि आपल्याकडच्या पावसात गंजतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

५. बीडलॉक

प्लास्टिकच्या बऱ्याच चाकांना टायर सुपरग्लूसारख्या गोंदाने चिकटवतात. एकदा चिकटला की टायर आणि चाकाचा संसार एकत्रच संपतो. धातूच्या चाकांत बहुधा बीडलॉक असतं: टायरची कड रिम आणि एका रिंगच्या मध्ये धरून वरून स्क्रू आवळायचे. गोंद नाही. टायर झिजला, त्याच्या आतला फोम भिजून सडला, उघडा आणि बदला. धातूच्या चाकाचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः यामुळेच.

इथे पारख स्क्रूंची करायची. एम२ स्क्रूला १.५ मि.मी.ची एलन की लागते, एम२.५ ला २ मि.मी.ची. दोन्हींत निवड असेल तर एम२.५ चे घ्या. बारीक स्क्रूचं डोकं आतून लवकर गोल होतं. रिंगवर बारा स्क्रू दिसतात म्हणून हरखून जाऊ नका, कधी त्यातले अर्धे नुसते शोभेचे असतात. सहा खरे स्क्रू पुरतात. काळे स्क्रू कडक असतात पण गंजतात, स्टेनलेसचे थोडे मऊ पण पावसाळ्यात निभावतात. जास्तीचे दहा-वीस घेऊन ठेवा. सियागंजच्या हार्डवेअरच्या बाजारात जाताना एक जुना स्क्रू नमुन्याला सोबत न्या, नुसतं माप सांगून गडबड होते.

रिंग सपाट आणि गुळगुळीत काठाची असावी. माळव्यातला काळा दगड म्हणजे बसाल्ट, सह्याद्रीचा आहे तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. फुटला की त्याची कड चाकूसारखी निघते. बाहेर आलेल्या स्क्रूच्या डोक्यांना ती कड बरोबर पकडते आणि खरवडून टाकते. डोकी रिंगच्या आत बुडालेली असतील असंच चाक निवडा. रंग तर जाणारच. अ‍ॅनोडायझिंगचा थर कडक असला तरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा. पहिल्याच दिवशी रिंगवर चांदीच्या रेघा उठतील. त्याचं वाईट वाटत असेल तर रिंग बिनरंगाची घ्या.

६. वजन पुढे

१/१० चं प्लास्टिकचं चाक ३० ग्रॅमच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचं बीडलॉक त्याच्या दुप्पट-तिप्पट. चार मिळून गाडीत दीड-दोनशे ग्रॅमची भर पडते, तीही अगदी जमिनीलगत, आणि क्रॉलरला हेच हवं असतं. पण वजन पुढे जास्त, मागे कमी असावं. चढावर गाडीचा सगळा भार मागे सरकतो. मागची चाकं जड असली तर गाडी उताणी पडायला मदतच होते. म्हणून पैसे पुरत नसतील तर पुढे दोन धातूची आणि मागे प्लास्टिकची ठेवा, आणि तशीच चालवा. त्यात कमीपणा काही नाही, कित्येक मुरलेले लोक मुद्दाम असंच ठेवतात. सोबत सर्व्हो बघा. गाडीसोबत आलेला बारका सर्व्हो जड चाकांना दगडात वळवू शकत नाही आणि अडकल्या जागी गुणगुणत तापतो. २० किलो-सें.मी.च्या आसपासचा असेल तर काळजी नाही.

७. बसवताना

दुपारचा निवांत वेळ काढा आणि जुनी पांढरी चादर अंथरून बसा. काळे स्क्रू पांढऱ्यावर दिसतात.

आधी टायरमध्ये फोम नीट सरकवा, कुठे घडी राहू देऊ नका. मागची कड खाचेत बसवून बोटाने गोल फिरून खात्री करा, मग पुढची. रिंग ठेवा. सगळे स्क्रू आधी नुसते हाताने दोन-तीन आटे लावा. मग समोरासमोरचे घेत जा, पहिला, त्याच्या बरोबर समोरचा, मग त्यांच्या मधला, आणि प्रत्येक वेळी अर्धाच फेरा. एकाच बाजूने घट्ट करत गेलात तर रिंग तिरकी बसते आणि टायर हेलकावे खातो. रिंग आणि रिम यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसायला हवी.

किती आवळायचं? एलन की चिमटीत धरून जेवढं आवळलं जातं तेवढंच. मुठीत धरून जोर लावलात तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघून येतात, स्क्रूला राखाडी भुगा लागून बाहेर येतो, आणि त्या भोकात पुन्हा काही धरत नाही.

धातूत धातूचा स्क्रू जातो तिथे निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, बारीक थेंब, टाचणीच्या टोकाएवढा. लाल वापरू नका, तो उघडत नाही. निळ्याने आटे पाण्यापासूनही बंद राहतात, त्यामुळे स्टीलचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकून बसत नाही. प्लास्टिकच्या भागाला मात्र तो लागू देऊ नका, प्लास्टिकला तडे जातात. पुढे कधी स्क्रू हटेनासा झाला तर गरम सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्याला काही सेकंद टेकवा. थ्रेडलॉकर मऊ होतो. टायरच्या रबराला जपा.

चाक अ‍ॅक्सलवर चढवल्यावर त्याच्या कडेजवळ एक आगपेटीची काडी स्थिर धरा आणि चाक हळू फिरवा. काडी आणि रिमच्या मधलं अंतर फिरताना कमी-जास्त होत असेल तर चाक वाकडं आहे किंवा हेक्सची पिन खाचेत नीट बसलेली नाही. बहुतेक वेळा पिनच असते. नायलॉनचा नट पाच-सहा वेळा काढला-घातला की बोटाने फिरू लागतो. तेव्हा तो बदलायचा. नट रुपयांचा, चाक कुठल्या कुठे घरंगळत जाणारं.

८. काळी माती, पावसाळा आणि चोरल

उन्हाळ्यात इंदूरभोवतीची जमीन भेगाळते, मुरूम कोरडा आणि चाकं खूश. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तीच काळी माती फुगते, चिकट होते आणि चाकाच्या आतल्या खोबणीत लगद्यासारखी भरते. मागून बंद, खोल वाडग्यासारखं चाक असेल तर तिला बाहेर पडायला वाट नाही. मी एकदा मुद्दाम काट्यावर ठेवून बघितलं, चाकाचं वजन दुप्पट झालं होतं. पावसाळ्यातही चालवणार असाल तर मोकळ्या स्पोकचं, आरपार दिसणारं चाक घ्या. फोटोत बंद चाक जास्त रुबाबदार दिसतं, तरीही.

पाण्यातून गेल्यावर टायरमधला फोम पाणी पितो. टायरच्या मध्यावर समोरासमोर दोन बारीक छिद्रं पाडा, चांभाराच्या पंचने स्वच्छ पडतात; घरी निघण्याआधी गाडी उचलून चाकं जोरात फिरवली की पाणी त्यातून उडून जातं. घरी आल्यावर चिखल ओला असतानाच धुवा किंवा पूर्ण वाळू द्या आणि ब्रशने झाडा. अर्धवट ओला असताना खरवडू नका, माती बेअरिंगमध्ये ढकलली जाते.

आणि जागा. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे गाडी नेऊ नका. चोरलच्या पात्रात पावसाळ्यात उतरू नका. वर घाटात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी वाढतं आणि सूचना न देता वाढतं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की तेच दगड क्रॉलरसाठी सोन्यासारखे असतात.

भाच्याची चाकं आम्ही तिथेच पहिल्यांदा चालवली. पंधरा मिनिटांनी मी त्याला थांबवलं आणि एलन की हातात दिली. नव्या चाकात टायरची कड दबून बसते आणि स्क्रू थोडे सैल होतात, म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांनी एकदा, आणि घरी गेल्यावर एकदा, सगळे स्क्रू आणि चारही नट तपासायचे. चोवीस स्क्रूंपैकी सात सैल निघाले. नट चारही जागच्या जागी होते. त्याने ते सात स्क्रू समोरासमोर घेत, अर्धा अर्धा फेरा देत आवळले, व्हर्नियरची डबी बंद केली आणि गाडी परत त्याच दगडाच्या पायथ्याशी नेऊन ठेवली.